नाल्याकाठी प्लॉटिंग येतंय? मग फाईल अशी वाचा आणि हरकत अशी लिहा

आमच्या सोलापुरात नाला म्हणलं की कचरा टाकायची जागा. वर्षातले आठ-नऊ महिने कोरडाठाक, त्यामुळं लेआउट टाकणारा पण बिनधास्त म्हणतो, "अहो हितं कुठाय नाला, साधी चर हाय की." पण हीच चर पहिला दणकून पाऊस झाला की माशांचा रस्ता होते, खालच्या तळ्यातनं नाहीतर नदीतनं मासे पाण्याच्या उलटं वर चढायला लागतात, चढणीचे मासे म्हणतो ते हेच. रोहू-कटला तळ्याच्या थांबलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं, आणि मरळ बरोबर उलटी, ती काठच्या गवतात उथळ पाण्यात अंडी घालते आणि पिल्लं राखत बसते. म्हणजे वाहायला मोकळा रस्ता पाहिजे आणि काठाला गवत पाहिजे. दोन्ही बाजूंनी काँक्रीटची भिंत घातली की दोन्ही गेलं. लेआउटच्या मंजुरीची फाईल वाचताना हे डोक्यात ठेवा, बाकीचं सोपं आहे.

आधी कागद, साइट नंतर. सातबारा काढा आणि पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जागा, बघा, लोक हा रकाना बघतच नाहीत. वर्ग 'ब' पोटखराबा असला तर ती जागा बहुतेक वेळा रस्त्याखाली नाहीतर ओढ्या-तळ्याखाली असते. मग गावनकाशा घ्या, त्याच्यावर गटांच्या मधनं नाल्याची रेघ कशी गेली ते बघा, आणि शेजारचे वरचे-खालचे गट पण बघा, नुसता एक गट बघून कळत नाही. मी एकदा एका लेआउटचा नकाशा बघत होतो, वरच्या गटातनं नाला व्यवस्थित येतोय, प्रस्तावाच्या हद्दीवर येऊन रेघ गायब, आणि खालच्या गटात परत सुरू. मधल्या दीडशे मीटरात पाणी काय विमानानं जातंय का? सही-शिक्के सगळे जागेवर होते बरं का त्या कागदावर.

त्यानंतर गूगल अर्थवर जुने फोटो लावा, वर्षं मागं मागं न्या. कुठल्या साली झाडी होती, कुठल्या साली मुरूम टाकून सपाट केलं, सगळं दिसतं, स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवून द्या.

मग साइटवर जा. पावसाळ्यात गेलात तर उत्तम, उन्हाळ्यात गेलात तरी पूर आपली खूण ठेवून जातो, बाभळीच्या फांद्यांत अडकलेलं प्लास्टिक आणि कडबा बघा, तळापासून टेप लावून उंची मोजा आणि टेप दिसेल असा फोटो काढा. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला तेव्हाचे फोटो कित्येकांच्या मोबाईलमध्ये असतील, ते सुद्धा पुरावाच आहेत. नदीकाठची जागा असेल तर पूररेषा मागा. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची. नकाशावर बांधकाम निळ्या रेषेच्या आत दिसलं तर हरकतीचा पहिला मुद्दा तोच. बारक्या नाल्यांना बऱ्याचदा रेषाच आखलेली नसते, तिथं विचारायचं की वरनं किती हेक्टरचं पाणी या नाल्याला येतं, आणि तो हिशोब कुणी केला.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग, मोरी. लेआउटचा रस्ता नाला ओलांडतो तिथं दोन सिमेंटचे पाइप टाकतात आणि वर भराव. पाणी जातंय ना, झालं. पण पाइपात पाणी आवळून सुसाट पळतं, आणि पलीकडच्या तोंडाला दोन-तीन पावसांत माती खरवडून खड्डा पडतो, पाइप अधांतरी लोंबतो. मी एकदा अशाच मोरीखाली उभा राहून बघितलंय, बोटाएवढी मासोळी त्या पडत्या पाण्यावर उडी मारते, पाइपाच्या कडेला आपटते, परत खाली, परत उडी, आणि बाजूला एक पोरगं टॉवेल घेऊन बसलेलं, उडी चुकली की टॉवेलात. त्याला फुकटचं कालवण, पण वर एक पण पोचत नव्हती. म्हणून नकाशात मोरीचा छेद, म्हणजे कापून आतनं दाखवलेली आकृती, मागा. पाइपाऐवजी नाल्याच्या पूर्ण रुंदीची पेटी-मोरी, म्हणजे चौकोनी खोक्यासारखी मोरी, पाहिजे, आणि तिचा तळ नाल्याच्या तळापेक्षा खाली गाडलेला पाहिजे म्हणजे आत वाळू-गोटे बसतात आणि मासा जमिनीवरनं गेल्यासारखा जातो.

"नाला वळवणे", "नाला सरळ करणे", "नाल्यावर स्लॅब" असे शब्द दिसले की थांबा. सरळ केलेल्या नाल्यात डोह राहत नाहीत, आणि पाऊस उघडल्यावर मासा त्या डोहातच तग धरतो. खुली जागा पण बघा, चार हजार चौरस मीटरच्या वरच्या लेआउटला १० टक्के सोडावी लागते, आणि काही हुशार लोक ती नाल्याच्या पात्रातच दाखवतात. नाला पण वाचवला आणि बाग पण दिली म्हणे.

सांडपाणी कुठं सोडणार ते एका ओळीत लिहिलेलं असतं, शोधा. पाण्यातला प्राणवायू पहाटे सगळ्यात कमी असतो, त्यामुळं घाण पाणी मिसळलं की पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. शिवाय खोदकामाची काळी माती नाल्याकाठी ढीग करून ठेवली की पहिल्या पावसात सगळी खाली, अंड्यांवर गाळ बसतो. खोदकाम जूनच्या आत संपवा आणि ढीग नाल्यापासनं लांब ठेवा, एवढी अट घालायला कुणाचं काही जात नाही.

कागद मिळवायचे कुठनं? बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा जास्त असेल तर पर्यावरण मंजुरी लागते, ती फाईल केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर सापडते. विकास आराखड्यात बदल असेल तर जाहीर सूचना निघते, हरकतीची मुदत तिच्यातच असते, साधारण एक महिना, त्यामुळं पेपरातल्या बारीक अक्षरातल्या नोटिसा वाचायची सवय लावा. साध्या लेआउटला मात्र कुणी तुम्हाला बोलवून विचारत नाही, तिथं माहिती अधिकार, १० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांत उत्तर. नुसत्या झेरॉक्स मागू नका, फाईल बघायची परवानगी पण मागा, कारण खरी गंमत टिपणीच्या पानांवर, म्हणजे अधिकाऱ्यांनी लिहिलेल्या शेऱ्यांत, असते.

हरकत लिहिताना "निसर्गाचा ऱ्हास होत आहे, सबब परवानगी देऊ नये" असलं लिहू नका, ते वाचून कुणी पान पण उलटत नाही. असं लिहा: "गट क्र. अमुक, नकाशा पान ३. गावनकाशात दिसणारा नाला या पानावर दाखवलेला नाही. प्रत्यक्ष पाहणीत पात्राची रुंदी ७ मीटर आढळली, फोटो जोडला आहे. संयुक्त मोजणी करून नाला नकाशावर दाखवावा, तोपर्यंत मंजुरी देऊ नये. रस्त्याची मोरी पूर्ण रुंदीची व तळ गाडलेली असावी, काठची उंबर-करंज तोडू नयेत." एक मुद्दा, एक पुरावा, एक मागणी. आणि सगळं बंद करा म्हणण्यापेक्षा अटी मागा, अट घालणं साहेबालाही सोपं जातं.

पर्यावरण मंजुरी देऊन टाकली असेल तर राष्ट्रीय हरित लवादाकडं (पर्यावरणाच्या खटल्यांचं न्यायालय) अपील करता येतं, पुण्यात खंडपीठ आहे, मुदत ३० दिवसांची, म्हणून मंजुरीची तारीख लिहून ठेवा. आणि अर्ज दिल्यावर आवक नंबर आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीवरनं हलू नका, "साहेब जेवायला गेलेत" म्हणले तर तिथंच बाकड्यावर बसा, जेवून येतातच की.