विद्यार्थ्यांकडून न्यूरोसायन्सचा पहिला प्रोजेक्ट करून घेताना

पहिल्या मीटिंगला पोरं जो विषय आणतात तो बहुतेक वेळा भलामोठा असतो, "मोबाईलचा मेंदूवर काय परिणाम होतो" किंवा थेट "चेतना म्हणजे काय", आणि आपलं पहिलं काम म्हणजे उत्साह न मोडता तो विषय लहान करत आणायचा. "नाही जमणार" म्हणू नका, विचारा "यातलं तू नेमकं काय मोजणार?" हेच पुन्हापुन्हा विचारत राहिलं की गाडी "मोबाईल समोर ठेवला तर रिॲक्शन टाइम वाढतो का" इथवर येते, आणि हे, म्हणजे काही दिसल्यापासून हात हलेपर्यंतचा वेळ, मोजता येतं.

महागडं मशीन लागत नाही, ३० सेंटिमीटरची पट्टी पुरते. एकाने पट्टी वरून धरायची, दुसऱ्याने शून्याच्या खुणेपाशी बोटं उघडी ठेवायची, न सांगता सोडायची आणि कुठे पकडली ते लिहायचं. २० सेंटिमीटर म्हणजे साधारण ०.२ सेकंद, हे पडणाऱ्या वस्तूच्या सूत्रातून निघतं, ते विद्यार्थ्यालाच काढू द्या. तेवढ्यात डोळ्यापासून व्हिज्युअल कॉर्टेक्स (मेंदूचा बघण्याचा भाग), मग मोटर कॉर्टेक्स (हालचालींचा भाग), मग मज्जारज्जूतून हाताच्या स्नायूंपर्यंत निरोप पोचतो हे कळलं ना, की त्या आकड्यात खरा रस येतो. कॉम्प्युटर आवडणाऱ्यांसाठी १९३५ सालची स्ट्रूप टेस्ट आहे (रंगाचं नाव वेगळ्याच रंगात लिहिलेलं असतं, वाचायचं नाही, अक्षरांचा रंग सांगायचा), ती चालवायला सायकोपाय हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

खरी मेहनत डेटा घ्यायच्या आधी करून घ्या. समजा सगळ्यांनी आधी मोबाईलशिवाय आणि नंतर मोबाईलसकट टेस्ट दिली, तर दुसऱ्या वेळी सरावानेच हात जलद चालणार, मग फरक मोबाईलचा की सरावाचा? म्हणून निम्म्यांचा क्रम उलटा ठेवायचा. आणि कोणी ५ सेंटिमीटरच्या आतच पट्टी पकडली तर ती अंदाजाने पकडलीय, ०.१ सेकंदात बघून प्रतिक्रिया देणं जवळपास अशक्य, तेव्हा असे आकडे धरायचे की वगळायचे हे आधीच वहीत तारीख घालून लिहून ठेवायला लावा. निकाल बघून ठरवलं तर माणूस नकळत स्वतःला हवं तेच ठेवतो. संमतीपत्रं आणि संस्थेची परवानगीही आधीच, भाग घेणारे अल्पवयीन असतील तर पालकांची सही.

डेटा आला की सरासरीवर उडी मारू देऊ नका, आधी प्रत्येक माणसाचा प्रत्येक आकडा ग्राफवर टाकायला सांगा. कीबोर्डला तुम्ही हात लावू नका, कितीही वेळ लागू दे, हे अवघड जातं पण पाळाच!

रिपोर्टमध्ये "डोपामिनमुळे असं झालं" हे वाक्य हमखास येतं (डोपामिन म्हणजे मेंदूतलं निरोप पोचवणारं एक रसायन). तिथे पेन्सिलने खूण करून विचारा, डोपामिन कुठे मोजलंस? मोजला फक्त रिॲक्शन टाइम, तेवढ्याबद्दलच लिहायचं. आणि फरक नाही दिसला तर पोरं हिरमुसतात, त्यांना सांगा की "इतक्या जणांमध्ये, या पद्धतीने फरक दिसला नाही" हाही निकालच आहे, फक्त त्याचं "फरक नसतोच" करू नका.