लिनक्स फाइलसिस्टीममधले सॉफ्ट लॉकअप : या चुका टाळा

लिनक्सच्या गाभ्यातलं, म्हणजे कर्नलमधलं, एखादं काम प्रोसेसर (सीपीयू) बराच वेळ अडवून बसलं की त्याला सॉफ्ट लॉकअप म्हणतात. कर्नल लॉगमध्ये ‘सॉफ्ट लॉकअप, सीपीयू स्टक फॉर २२ सेकंद’ अशी ओळ दिसली की अनेकजण आधी वॉचडॉग_थ्रेश, म्हणजे अशा अडकण्यावर नजर ठेवणाऱ्या वॉचडॉगची वेळमर्यादा, वाढवतात. हा आकडा मुळात १० सेकंद असतो आणि सूचना त्याच्या दुप्पट वेळाने येते. तो ६० केला तर तक्रार थांबते, पण त्या प्रोसेसरवर बाकीची कामं ताटकळतातच. लूपमध्ये टच_सॉफ्टलॉकअप_वॉचडॉग, म्हणजे वॉचडॉगचं घड्याळ पुन्हा सुरुवातीपासून चालू करणारं फंक्शन, घालणं त्याहून वाईट, कारण मग तो दोष पुढे कुणालाच दिसत नाही.

‘टास्क ब्लॉक्ड फॉर मोअर दॅन १२० सेकंद’ हा वेगळा आजार आहे. तिथे टास्क डी अवस्थेत (मध्येच उठवता न येणाऱ्या प्रतीक्षेत) झोपलेला असतो, प्रोसेसर मोकळा असतो. दोन्हींवर एकच औषध चालत नाही.

लॉगमधला पहिला स्टॅक ट्रेस (कोणत्या फंक्शनने कोणतं बोलावलं याची यादी) गुन्हेगाराचाच आहे असं धरू नका. त्यात वर क्यूड_स्पिन_लॉक_स्लोपाथ असेल तर तो सीपीयू नुसता लॉकची, म्हणजे एका वेळी एकालाच डेटा हाताळू देणाऱ्या कुलपाची, वाट पाहतोय. लॉक धरून बसलेला दुसराच कुणी असतो. सॉफ्टलॉकअप_ऑल_सीपीयू_बॅकट्रेस १ करा, म्हणजे सगळ्या सीपीयूंचे ट्रेस एकत्र मिळतील.

आता सर्वांत महागात पडणारी चूक : लूपमध्ये कॉन्ड_रीशेड (गरज असेल तर प्रोसेसर दुसऱ्या कामाला देणारं फंक्शन) आहे, म्हणजे काम झालं असं समजणं. ड्रॉप_पेजकॅश_एसबी हे फंक्शन पेजकॅश, म्हणजे फायलींचा मेमरीत ठेवलेला मजकूर, टाकून देण्यासाठी सुपरब्लॉकच्या (एका फाइलसिस्टीमच्या) आयनोड यादीवरून, म्हणजे फायलींच्या नोंदींवरून, फिरतं. त्यात लॉक सोडणारी लांब वाट होती, पण पेजकॅश नसलेला आयनोड आला की लूप त्याआधीच कंटिन्यू करून पुढे जायचा. प्रॉकसारख्या (डिस्कवर नसलेल्या) फाइलसिस्टीममध्ये असे आयनोड ढिगाने असतात, त्यामुळे यादीचा स्पिनलॉक (वाट पाहणाऱ्याला जागीच फिरवत ठेवणारा लॉक) न सोडताच फेरी चालू राहायची. २०१९ मधली दुरुस्ती छोटी आणि फार सुंदर आहे : आयनोड रिकामा असला, तरी नीड_रीशेड (प्रोसेसर सोडायची वेळ झाली ही खूण) खरं असेल तर त्याला वगळायचं नाही, लॉक सोडणाऱ्या लांब वाटेनेच न्यायचं आणि तिथे कॉन्ड_रीशेड करायचं. लांब वाटेवर नुसतं कॉन्ड_रीशेड घालून भागलं नसतं. म्हणून दुरुस्ती करताना प्रत्येक कंटिन्यू बोट ठेवून तपासा.

स्पिनलॉक हातात असताना कॉन्ड_रीशेड बोलावणं चूकच. डीबग_ॲटॉमिक_स्लीप हा तपासणीचा पर्याय चालू असेल तर कर्नल लगेच सांगतो. पण लॉक नुसता सोडूनही भागत नाही. तेवढ्यात तो आयनोड मोकळा झाला तर यादीतली तुमची जागाच हरवते. आधी आयगेटने त्याचा संदर्भ घ्या, मग लॉक सोडा आणि मागच्या फेरीतल्या आयनोडवर आयपुट करा, म्हणजे त्याचा संदर्भ सोडा. चालू आयनोडचा संदर्भ पुढच्या फेरीपर्यंत सोडू नका. आयपुट झोपू शकतं, म्हणून तेही लॉकबाहेरच.

चाचणी थोड्याशा फायलींवर घेऊ नका. त्यावर जुना कोडही पास होतो. कॅशमध्ये लाखो रिकामे आयनोड भरा, सॉफ्टलॉकअप_पॅनिक (लॉकअप दिसताच कर्नल थांबवणारा पर्याय) चालू ठेवा आणि मगच ड्रॉप_पेजकॅश_एसबी बोलावणारं ड्रॉप_कॅशेस चालवा.