फॅब्रिकवर प्रायव्हेट डेटा शिकताना मला काय काय नडलं

टीममधे नवीन आलेल्या एकाने विचारलं की ब्लॉकचेनवर डेटा प्रायव्हेट ठेवायचं शिकायचंय तर आधी क्रिप्टोग्राफी करू का. मी पण तिथूनच सुरुवात केली होती, दोन-तीन महिने एलिप्टिक कर्व्हचं गणित वाचत बसलो आणि ते वाया गेलं असं नाही, पण ज्या चुकीने खरंच झोप उडवली तिचा गणिताशी काही संबंध नव्हता.

झालं असं की हायपरलेजर फॅब्रिकवर (कंपन्यांनी आपापसात चालवायचं ब्लॉकचेन सॉफ्टवेअर) एक छोटं नेटवर्क उभं केलं होतं, विकणारा, घेणारा आणि वाहतूक करणारा असे तिघं एकाच चॅनलवर, म्हणजे एकाच सामायिक लेजरवर (नोंदवहीवर), आणि ठरलेला भाव वाहतूकवाल्याला दिसू नये एवढीच अट. प्रायव्हेट डेटा कलेक्शन (ठराविक सदस्यांपुरता वेगळा ठेवलेला डेटा) बनवलं, चेनकोडमधे (नेटवर्कवर चालणारा प्रोग्राम) भाव त्या कलेक्शनमधे टाकला, तिसऱ्याच्या पिअरवरून (लेजरची प्रत ठेवणारा त्याचा सर्व्हर) क्वेरी केली तर एरर आला, म्हटलं झालं काम. मग दोन आठवड्यांनी दुसरंच काहीतरी शोधताना ब्लॉक काढून जेसनमधे उलगडला, आत बेस६४ चा (डेटा साध्या अक्षरांत लिहायची पद्धत, कुलूप नव्हे) एक तुकडा दिसला, तो डिकोड केला तर समोर भाव! तिघांच्याही पिअरवर, कायमचा. कारण मी भाव फंक्शनचा साधा आर्ग्युमेंट म्हणून पाठवला होता, आणि आर्ग्युमेंट्स हे ट्रान्झॅक्शन प्रपोजलचा (व्यवहार करायच्या विनंतीचा) भाग असतात, प्रपोजल ब्लॉकमधे जातं. गुप्त गोष्ट ट्रान्झिएंट (तात्पुरत्या) फील्डमधून पाठवायची असते, ती ब्लॉकमधे जात नाही. आणि चेनकोड जे रिटर्न करतो ते पण ब्लॉकमधे जातं बरं का, हे फारच कमी लोक बघतात. टेस्ट नेटवर्क होतं म्हणून सगळं पुसून परत उभं केलं, खऱ्या नेटवर्कवर ती सोय नसते.

म्हणून नवीन माणसाला माझं पहिलं सांगणं हेच, की फॅब्रिक सॅम्पल्समधलं टेस्ट नेटवर्क चालू करा, त्यात दोन ऑर्गनायझेशन असतात, तिसरी जोडायची स्क्रिप्ट पण तिथेच आहे, आणि मग त्या तिसऱ्याच्या खुर्चीत बसून लेजरमधून जे जे काढता येईल ते काढून बघा. स्वतःच्या कोडवर असा हल्ला केल्याशिवाय "प्रायव्हेट" हा शब्द वापरू नका.

दुसरी गोष्ट हॅश, म्हणजे डेटावरून गणिताने काढलेला ठसा. प्रायव्हेट कलेक्शनमधे खरा डेटा फक्त सदस्यांच्या पिअरवर राहतो, बाकी सगळ्यांना रेकॉर्डची की (त्याचं नाव) आणि व्हॅल्यू यांचा फक्त हॅश दिसतो, आणि सगळे म्हणतात हॅश उलटा फिरवता येत नाही मग काय घाबरायचं. उलटा फिरवायची गरजच नाही हो! दहा अंकी फोन नंबर असेल तर जास्तीत जास्त एक हजार कोटी शक्यता, साध्या ग्राफिक्स कार्डवर प्रत्येकाचा एसएचए-२५६ (हाच तो हॅश) काढून जुळवायला काहीच वेळ लागत नाही, आणि जन्मतारीख असेल तर शंभर वर्षांच्या मिळून जेमतेम साडेछत्तीस हजारांच्या आसपास. भाव, वजन, हो-नाही, सगळ्याचं तेच. म्हणून प्रत्येक रेकॉर्डमधे लांब रँडम सॉल्ट (डेटासोबत हॅशमधे मिसळायचा, अंदाज न येणारा मजकूर) घाला, आणि तो सॉल्ट पण ट्रान्झिएंटमधूनच जाऊ द्या.

चॅनल वेगळे करून भागेल का, हा प्रश्न हमखास येतो. दोघातिघांत भागेल. पण दहा ऑर्गनायझेशनच्या प्रत्येक जोडीला वेगळा चॅनल द्यायचा म्हणजे ४५ चॅनल, प्रत्येकाचा लेजर वेगळा, चेनकोड सगळीकडे टाका, तो त्रास मी पाहिलाय. कलेक्शन्स बरी, फक्त त्यातलं रिक्वायर्ड-पिअर-काउंट (डेटा किमान किती दुसऱ्या पिअरकडे पोचलाच पाहिजे तो आकडा) शून्य ठेवू नका, कारण डेटा बाकीच्यांकडे पोचायच्या आत एंडॉर्स करणारा (व्यवहार चालवून त्यावर सही देणारा) पिअर बंद पडला तर लेजरवर हॅश राहतो आणि ज्याचा हॅश तो डेटाच कुणाकडे नसतो. मेंबर-ओन्ली-रीड (फक्त सदस्यांनाच वाचू देणारी सेटिंग) पण चालू ठेवा.

कॉर्डा हे असंच दुसरं सॉफ्टवेअर वेगळ्या वाटेने जातं, तिथे व्यवहार सगळ्यांना वाटलाच जात नाही, संबंधितांनाच मिळतो. ऐकायला छान, पण मालमत्ता तुमच्याकडे आली की तिचे मागचे व्यवहार पण तपासायला तुमच्याकडे येतात, म्हणजे जुन्या मालकांची माहिती नव्या मालकाला दिसते. एवढं माहीत असलं तरी इंटरव्ह्यूत चर्चा चांगली होते. झीरो-नॉलेज प्रूफ (गुपित न सांगता एखादी गोष्ट खरी आहे एवढंच पटवायची पद्धत) यानंतर घ्या, १९८५ पासूनची कल्पना आहे, झीकॅश या क्रिप्टो चलनाने २०१६ मधे ती नाण्यात आणली, रक्कम न दाखवता जमा-खर्च जुळतो एवढंच पटवून देता येतं, फार सुंदर विषय आहे, पण वर सांगितलेली आर्ग्युमेंटची चूक ते वाचवणार नाही.

आणि कायदा बघणाऱ्या लोकांशी पहिल्या आठवड्यातच बोला. युरोपात जीडीपीआर हा डेटा संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे, त्यात माणूस आपला डेटा पुसायला सांगू शकतो. आमच्याकडे हा प्रश्न डिझाइन झाल्यावर आला. कलेक्शनमधला डेटा ब्लॉक-टू-लिव्ह या सेटिंगने ठराविक ब्लॉकनंतर जातो, फॅब्रिक २.५ पासून हवा तेव्हा पर्ज (कायमचा पुसून टाकणं) पण करता येतो, पण हॅश लेजरवर राहतोच, आणि आमच्या जुन्या रेकॉर्ड्सना सॉल्ट नव्हता. मग डेटा पुसला तरी हॅशवरून तो परत शोधता येणार होता, त्यामुळे ते नेटवर्क बंद करून नव्याने उभं करावं लागलं आणि त्यात साडेतीन महिने गेले.