दुकानात स्क्रीन बदला म्हणाले, घरी केबल बसवून काम झालं

परभणीत एप्रिलच्या उन्हात लॅपटॉप सुरू केला तर स्क्रीन काळी. पंखा फिरतोय, कीबोर्डचा दिवा लागतोय, चित्र मात्र नाही. दुकानात उघडूनही न बघता "स्क्रीनच बदला" म्हणाले. बहिणीची नीटची तयारी त्याच लॅपटॉपवर, त्यामुळे जीव खालीवर झाला.

अंधारात टॉर्च तिरपी धरून पाहिली. पुसट चित्र दिसलं असतं तर फक्त बॅकलाइट (स्क्रीनला मागून उजेड देणारा दिवा) गेलाय असं समजलो असतो. काहीच दिसलं नाही. मग एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडला, तिथं सगळं स्वच्छ! म्हणजे दोष बहुधा स्क्रीनमध्ये किंवा तिच्या केबलमध्ये. आई म्हणाली, "अरे, झाकण जरा मिटून बघ, मघाशी चमकलं होतं." खरंच, ठरावीक कोनात चित्र यायचं. स्क्रीनची केबल बिजागरीतून जाते, उघडझाप करून सैल होते. आईचं निरीक्षण सगळ्यात मोलाचं ठरलं.

चार्जर काढून मागचं झाकण उघडलं आणि सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्टर सोडवलं. ही पायरी कृपा करून गाळू नका. वीज असताना केबल हलवली तर बॅकलाइटचा फ्यूज उडू शकतो. स्क्रू कागदावर जागेनुसार चिकटवले, कारण लांब स्क्रू भलत्याच भोकात गेला तर आतल्या मुख्य सर्किट बोर्डाला इजा होऊ शकते. स्क्रीनच्या केबलचं बोर्डाकडचं टोक अलगद काढलं, मऊ ब्रशने धूळ झटकली, सरळ दाबून बसवलं.

स्क्रीन लागली. केबल बिजागरीपाशी थोडी घासलेली दिसली, म्हणून तिच्यावरचा क्रमांक बघून नवी मागवली आहे.