एमआरआय नॉर्मल आला, तरी आजार खरा असतो

विशीतला मुलगा रात्र-रात्र जागतो, खिडक्या लावून घेतो, समोरच्या इमारतीतले लोक पाळत ठेवतात म्हणतो. अशा वेळी बरीच घरं आधी एमआरआयचा नंबर लावतात. आधी सायकॅट्री ओपीडी गाठा: परळचं केईएम, सायन, मुंबई सेंट्रलचं नायर, भायखळ्याचं जेजे, जे जवळ पडेल ते. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढा. स्कॅन लागणार असेल तर डॉक्टरच लिहून देतील.

सोबत एका कागदावर तारखा न्या. झोप कधी बिघडली, कॉलेज कधी सुटलं, संशय किंवा आवाज कधीपासून, गांजा ओढतो का. त्याच्यासमोर जे बोलणं अवघड, ते कागद सांगतो. ताप, फिट, भान हरपणं, अंग ताठरणं, खाणं-बोलणं बंद होणं, यातलं काही असेल तर ओपीडी सोडा आणि थेट कॅज्युअल्टीत जा. मेंदूला आलेली सूज सुरुवातीला हुबेहूब वेडासारखी दिसू शकते.

स्कॅनच्या दिवशी तायत, कडं, चांदीचा करदोटा घरीच उतरवून ठेवा. मशीन मोठ्याने ठकठक करतं, साधारण अर्धा तास लागतो, हातात दाबायचा रबरी फुगा देतात, हे त्याला आधीच सांगा. मशीन विचार वाचतं अशी भीती त्याला वाटू शकते. फसवून मात्र नेऊ नका. एकदा विश्वास गेला की पुढे गोळीही तोंडात जात नाही.

आता रिपोर्ट. नेहमीचा एमआरआय गाठ, सूज, रक्तस्राव शोधतो. 'नॉर्मल' म्हणजे एवढंच की तसलं काही दिसलं नाही. सायकोसिसमध्ये, म्हणजे असा खोटा संशय किंवा भास होणाऱ्या आजारात, बदल असतो तो मेंदूच्या भागांमधल्या जोडणीत, आणि ती नेहमीच्या फिल्मवर उमटत नाही. संशोधक त्यासाठी फंक्शनल एमआरआय वापरतात: माणूस निवांत पडून असताना मेंदूच्या कोणत्या भागांचं काम एकाच तालात वर-खाली होतं ते पाहतात. स्किझोफ्रेनियात, म्हणजे सायकोसिसच्या एका लांबणाऱ्या आजारात, थॅलॅमस (मेंदूच्या मध्यातलं संदेश पुढे पाठवणारं केंद्र) आणि कपाळामागचा भाग यांची जोडणी सैल आढळते, तर थॅलॅमस आणि स्पर्श-हालचालीचे भाग यांची जास्त घट्ट. हे भाग जोडणाऱ्या पांढऱ्या तंतूंमधले फरकही आजाराच्या पहिल्या झटक्यातच दिसू लागतात.

पण हे सगळे गटांचे सरासरी फरक. आजारी आणि निरोगी माणसांचे आकडे एकमेकांत इतके मिसळतात की एकट्याच्या स्कॅनवरून निदान होत नाही. वर आणखी एक खोडा: डोकं अर्धा मिलिमीटर हललं तरी लांबच्या जोडण्या खोट्याच सैल दिसतात, आणि अस्वस्थ रुग्ण हलतोच. म्हणून 'ब्रेन मॅपिंग'ने स्किझोफ्रेनिया ओळखून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

ते पैसे आणि ते आठवडे उपचाराला द्या. उपचाराविना जितका काळ जातो, तितकं सावरणं अवघड. औषधाआधी वजन, कंबरेचा घेर, साखर, लिपिड (रक्तातली चरबी) नोंदवून घ्या. ओलान्झापिन या सायकोसिसवरच्या औषधाने वजन भराभर वाढतं. बहुधा झोप आधी सुधारते, संशय नंतर विरतो. योग्य डोसवर ४ ते ६ आठवडे धरा. बरं वाटलं म्हणून गोळ्या परस्पर बंद करणं, इथेच बहुतेकांचं चुकतं. औषधामुळे मान अचानक वाकडी झाली, डोळे वर चढले, तर घाबरू नका, पण लगेच कॅज्युअल्टी गाठा; इंजेक्शनने बहुधा लवकर सुटतं. घरून निघायलाच तो तयार नसेल तर १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा, मराठीत बोलता येतं.