लांबलचक इंग्रजी शब्द कसा फोडावा?

केएमटीनं, म्हणजे कोल्हापूरच्या म्युनिसिपल ट्रान्सपोर्टच्या बसनं, रोज शाळेला जाणाऱ्या पोरालाही पुस्तकात ‘ट्रान्सपोर्टेशन’ दिसलं की धडकी भरते. मग पहिली चार अक्षरं वाचायची आणि पुढचं ठोकून द्यायचं. ही सवय मोडायची तर शब्द क्रमानं फोडायला शिकवा.

आधी डोकं आणि शेपूट शोधा, म्हणजे आपले उपसर्ग-प्रत्ययच. पुढं अन, री, डिस, ट्रान्स. मागं मेंट, एबल, टी-आय-ओ-एन. त्यांना पेन्सिलीनं गोल करा. ‘ट्रान्सपोर्टेशन’मध्ये ट्रान्स म्हणजे पलीकडे, पोर्ट म्हणजे वाहून नेणं. निम्मा अर्थ इथंच हाती लागतो.

मग उच्चाराचे तुकडे. उरलेल्या भागातले स्वर अधोरेखित करा; शेवटचा मुका ई सोडून द्या. जितके स्वर ऐकू येतात तितके तुकडे. शंका आली तर हनुवटीखाली हात धरून शब्द म्हणायला लावा, प्रत्येक तुकड्याला हनुवटी खाली येते.

दोन स्वरांमध्ये दोन व्यंजनं असली तर मधोमध तोडा: बास-केट. एकच असलं तर आधी पुढच्या तुकड्याला द्या: ओ-पन. म्हणून बघितल्यावर जमेना, तर मागच्याला. ‘केबिन’मधला बी असाच मागं जातो. एस-एच, टी-एच, पी-एच या जोड्या सहसा तोडू नका.

आपली पोरं खरी अडकतात ती देवनागरीच्या सवयीनं. ‘कॉर्पोरेशन’ लिहिताना रफार ‘पो’वर बसतो, म्हणून ती ‘कॉ-र्पो’ असं तोडतात. इंग्रजीत तो आर मागच्या सी-ओला चिकटतो. सी-ओ-आर, पी-ओ, आर-ए आणि शेपूट, असे चार तुकडे. जोर शेपटाच्या अलीकडं, ‘रे’वर. टी-आय-ओ-एन हे शेपूट असलं की जोर बहुतेक तिथंच पडतो.

उच्चाराचे तुकडे आणि अर्थाचे तुकडे मात्र एकच समजू नका. वाचायला पहिले लागतात, स्पेलिंगला दुसरे. बोलताना आपण सर्रास ‘गव्हर्मेंट’ म्हणतो आणि पोरं लिहितातही तसंच. ‘गव्हर्न’ अधिक ‘मेंट’ हे एकदा दाखवलं की मधला एन गळत नाही. ‘अननेसेसरी’त सुरुवातीला दोन एन का, तर एक ‘अन’चा, दुसरा ‘नेसेसरी’चा. ‘डिसअपॉइंट’मध्ये एस एकच, कारण ‘अपॉइंट’ ए-नं सुरू होतो. हे पाठ करून घेण्यापेक्षा फोडून दाखवणं केव्हाही बरं.

सरावाला रोज दोनच शब्द घ्या, तेही पोराच्याच विज्ञानाच्या पुस्तकातले.