खाडीकाठी तंबू लावताय? आधी तिथी बघा

कोकणात नदीच्या तोंडाशी तंबू ठोकला की रात्री भरतीचं पाणी आत येतं, आमच्या चपला कर्ली नदीच्या काठावरून अशाच गेल्या.

१. कालनिर्णयात तिथी बघा, तिची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता भरती. म्हणजे चतुर्थीला ३, अष्टमीला ६, दिवसा एकदा आणि रात्री परत एकदा, फक्त मुखापासून आत जाल तसा अजून उशीर होतो.

२. काठावर सुकलेल्या पाल्या-काटक्यांची रेघ दिसते ना, तंबू तिच्या बराच वर, वाळू भुसभुशीत कोरडी असेल तिथे.

पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा जुन्या रेघेवर पण विसंबू नका, सरळ माडांच्या बाजूला सरका (पण माडाखाली नको, नारळ पडतात 😅).